तक्रार वहीला कुलूपच नव्हतं: अंबडमधल्या एका टिकिट पोर्टलचं प्रकरण

फेब्रुवारीतला शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा, मी सातपूर-अंबड लिंक रोडला ट्रकच्या मागे अडकलेलो आणि शेठचा फोन. शेठ म्हणजे ज्यांची अंबड एमआयडीसीत कोल्ड स्टोरेजची मशिनरी बसवून देणारी आणि सर्व्हिस बघणारी कंपनी आहे ते. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्या एकाच अटीवर त्यांनी हे लिहायला हो म्हटलंय. त्यांच्या ऑफिसचं नेटवर्क, कॅमेरे, टॅलीचा सर्व्हर असलं सगळं मी बघतो, पण कंप्लेंटचं पोर्टल (तिथे प्रत्येक कंप्लेंटची नंबर देऊन नोंद होते, त्या नोंदीला टिकिट म्हणतात) माझ्याकडे कधीच नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. शेठ फोनवर एवढंच म्हणाले, "अहो आत्ताच्या आत्ता या, आपल्यातलाच कोणीतरी कस्टमरची माहिती विकतोय."

झालं असं होतं की तीनेक आठवड्यांपासून कस्टमरला फोन येत होते. कंप्लेंट टाकली की अर्ध्यापाऊण तासात एक गोड आवाजाचा माणूस फोन करणार, कंपनीचं नाव सांगणार, टिकिट नंबर बरोब्बर सांगणार, "कॉम्प्रेसर हाय प्रेशरला ट्रिप होतोय ना तुमचा?" असं विचारणार आणि मग म्हणणार की इंजिनिअर निघालाय, फक्त व्हिजिट चार्जेस आधी टाका, २,००० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण २,३६०. जीएसटी लावला होता बरं का पठ्ठ्याने, आणि माझ्या मते लोक फसले ते त्या ३६० रुपयांमुळेच, कारण फसवणारा माणूस गोल आकडा मागतो अशी आपली समजूत असते.

बाहेरच्यांसाठी सांगतो, नाशिकमध्ये फेब्रुवारी-मार्च म्हणजे काय ते. पिंपळगाव, निफाड, दिंडोरी सगळीकडे द्राक्षाची काढणी जोरात, माल पॅकहाऊसला येतो, प्रीकूलिंगमध्ये तासाभरात नाही पण काही तासांत ३-४ डिग्रीपर्यंत खाली आणायचा, मग स्टोअरला शून्याच्या आसपास ठेवायचा आणि कंटेनर भरायचा. रात्री मशीन बंद पडलं तर आत कोणाचा तरी लाखोंचा माल बसलेला असतो. अशा वेळी २,३६० रुपये मागितले तर माणूस विचार करत नाही, फोन कानाला असतानाच पाठवून मोकळा होतो. नऊ जणांना फोन आले होते, त्यातल्या चौघांनी पैसे टाकले. म्हणजे ९,४४० रुपये. रक्कम म्हटली तर किरकोळ, पण दिंडोरीचा एक जुना कस्टमर शेठला म्हणाला, "तुमच्या ऑफिसातून माझी कंप्लेंट फुटते, तर माझ्या स्टोअरचा रिमोट पण फुटत असेल." रिमोट म्हणजे स्टोअरची मशिनरी लांबून चालवायची सोय. त्या वाक्याने शेठ हलले.

मी पोचलो तेव्हा ऑफिसात आरोपी ठरलेला होता. जानेवारीत काम सोडून सिन्नरला दुसऱ्या कंपनीत गेलेला सर्व्हिसचा पोरगा. शेठने त्याचा फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशोब, अडकवून ठेवला होता आणि त्याच्या मामाला गावाकडे फोन पण करून झाला होता. दुसरा संशय कोऑर्डिनेटर ताईंवर, कारण सगळी टिकिटं त्यांच्या स्क्रीनवर येतात. ताई काही बोलत नव्हत्या, नुसत्या कीबोर्ड पुसत बसलेल्या. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोठं नुकसान ते होतं, ९,४४० नाही.

मी पोर्टल उघडायच्या आधी ताईंकडे चहा मागितला आणि त्यांची वही मागितली. पोर्टल असूनही ताई एक लांबट रजिस्टर ठेवतात, तारीख, पार्टी, टिकिट नंबर, आणि कंप्लेंट कशी आली ते, म्हणजे फोनवर, पोर्टलवरून की मेलवर. शेठ त्या वहीवरून त्यांना नेहमी टोमणे मारायचे की एवढं सॉफ्टवेअर घेऊन दिलं तरी तुमची वही सुटत नाही. आम्ही त्या नऊ जणांची टिकिटं त्या वहीत शोधून लाल पेनने गोल केले. नऊच्या नऊ कंप्लेंट मेलवरून आलेल्या. त्याच तीन आठवड्यांत फोनवर आणि पोर्टलवर त्याच्या चौपट तरी कंप्लेंट आल्या होत्या, त्यातल्या एकालाही भामट्याचा फोन नाही. आता आतला माणूस माहिती विकत असेल तर तो मेलवाल्याच कंप्लेंट निवडून कशाला विकेल? त्याला तर सगळ्याच दिसतात. शेठला मी हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले "म्हणजे?" आणि ताईंनी पहिल्यांदा मान वर केली.

पोर्टलचा इतिहास असा. पाच-सहा वर्षांपूर्वी एका फ्रीलान्स मुलाने पीएचपी या वेबसाइट बनवायच्या भाषेत बनवून दिलेलं. कस्टमर फॉर्म भरतो किंवा ताई फोन घेऊन फॉर्म भरतात, टिकिट बनतं, कस्टमरला एक लिंक जाते, त्या लिंकवर लॉगिन न करता त्याला आपल्या कंप्लेंटचं स्टेटस दिसतं. लिंकमध्ये दोन गोष्टी, टिकिटचा नंबर आणि एक लांबलचक की, म्हणजे चावीसारखी अक्षरांची ओळ. नंबर ४१०७, ४१०८ असे ओळीने, त्यामुळे नंबर कोणालाही अंदाजाने सांगता येतो, म्हणून ती की. कल्पना ठीकच आहे. पुढे दोन वर्षांनी शेठ म्हणाले मेलवर आलेल्या कंप्लेंटचं पण आपोआप टिकिट झालं पाहिजे, तर त्या मुलाने एक छोटी स्क्रिप्ट जोडून दिली, दर पाच मिनिटांनी सपोर्टचा इनबॉक्स वाचते, टिकिट बनवते, लिंकचा ऑटो रिप्लाय टाकते. या स्क्रिप्टमध्ये तो की बनवायचं विसरला. बस्स. एवढीच चूक.

पण की नाही म्हणजे लिंक चालायलाच नको ना? इथे पीएचपीचा एक जुना खोडसाळपणा आहे. डेटाबेसमध्ये त्या टिकिटांच्या की च्या जागी काहीच नाही, नल. लिंकमधून आली रिकामी स्ट्रिंग, म्हणजे कोरा मजकूर. कोडमध्ये दोन्ही डबल इक्वलने (==, सारखेपणा ढिलेपणाने बघणारी खूण) तपासलेलं, आणि पीएचपीच्या डबल इक्वलला नल आणि रिकामी स्ट्रिंग सारखीच. म्हणजे पहारेकरी विचारतो "परवलीचा शब्द सांग", समोरचा गप्प बसतो, आणि ह्याच्या वहीतही शब्द कोराच, म्हणून "बरोबर आहे, जा आत". गंमत म्हणजे ऑटो रिप्लायमध्ये जाणारी लिंकच मुळात रिकाम्या की ची होती, ती चालत होती म्हणून कोणाची तक्रार आली नाही, आणि तीन-चार वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही.

मी स्वतःच्या मोबाईलचं वायफाय बंद करून, इनकॉग्निटोमध्ये एका मेलवाल्या टिकिटचा नंबर टाकला, की रिकामी ठेवली, एंटर मारला. पार्टीचं नाव, स्टोअरचा पत्ता, मालकाचा मोबाईल, मशीनचं मॉडेल, बिघाड, पॅनेलचे फोटो, सगळं समोर. शेठ माझ्या खांद्यावरून बघत होते. "हे कोणालाही दिसतं?" म्हटलं हो, मालेगावात बसून दिसेल आणि मॉस्कोत बसूनही.

असलं काही जगात पहिल्यांदा झालं असं कोणी समजू नये. मँटिस नावाचं टिकिट ट्रॅकर आहे, ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना खुला, पीएचपीतलंच, हजारो ठिकाणी वापरतात. २०१७ मध्ये त्यात सापडलेला होल, सीव्हीई-२०१७-७६१५ (जाहीर झालेल्या होलच्या जागतिक यादीतला त्याचा नंबर), जवळजवळ आमच्या होलचा थोरला भाऊ. पासवर्ड रिसेटच्या लिंकमध्ये कन्फर्म हॅश, म्हणजे अशीच एक की, असायचा, तो रिकामा पाठवला तरी चालायचा, म्हणजे नुसता युजर नंबर १ टाकून कोणीही ॲडमिनचा पासवर्ड बदलून आत बसू शकत होतं, लॉगिन न करता. २.३.० पर्यंतची व्हर्जन त्यात सापडली, २.३.१ ला दुरुस्त झालं. तिथे निदान अनेक लोक कोड वाचणारे होते म्हणून सापडलं आणि जाहीर झालं. आमचं पोर्टल जगात एकाच ठिकाणी चालतंय, त्याचा कोड वाचणारा जगात एकच माणूस होता आणि तो पुण्याला नोकरीला लागलेला.

आता लॉग, म्हणजे कोणी कधी कुठलं पान मागितलं याची सर्व्हरने ठेवलेली नोंद. अपाचे या वेब सर्व्हरचे ॲक्सेस लॉग काढले तर पहिला अर्धा तास काहीच जुळेना, फोन आला संध्याकाळी ७:४० ला आणि लॉगमध्ये त्या वेळेला सगळं शांत. मग ट्यूब पेटली की सर्व्हर यूटीसी या जागतिक वेळेवर चालतोय, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. १४:१० च्या ओळी बघितल्या आणि चित्र उघडलं. एकच आयपी (इंटरनेटवरचा पत्ता), कुठल्या तरी क्लाउड होस्टिंगचा, दर दहा मिनिटांनी पुढचा नंबर मागतोय. ४१०७ नाही अजून, ४०४, म्हणजे असं पानच नाही. दहा मिनिटांनी परत ४१०७, परत ४०४. मग टिकिट बनलं, पण फोनवरचं, त्याला की होती, म्हणून ४०३, म्हणजे आत यायला मनाई. लगेच ४१०८ मागायला सुरुवात. ते मेलचं निघालं, २००, पान मिळालं. ते २०० आणि ताईंच्या वहीतले त्या दिवसांचे लाल गोल एकमेकांवर ठेवले तर एक ना एक जुळला. स्क्रिप्ट होती, माणूस नव्हता, आणि फार हुशार स्क्रिप्ट पण नव्हती, गल्लीतलं पोरगं प्रत्येक दाराची कडी हलवून पाहतं तसं.

लॉग फक्त १४ दिवसांचे मिळाले. उबुंटू या सर्व्हरच्या सिस्टीमवर अपाचेचे लॉग डिफॉल्टला रोज नव्या फाइलीत जातात आणि १४ फाइली ठेवून बाकीच्या उडतात, आणि हे डिफॉल्ट कोणी बदललेलं नव्हतं. फोन तर तीन आठवड्यांपासून येत होते, म्हणजे सुरुवात कशी झाली, पहिल्यांदा लिंक कोणी उघडली, तो सगळ्यात महत्त्वाचा भाग आमच्या हातातून गेलेला. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे आदेश आहेत की लॉग १८० दिवस ठेवा आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवा. ते कंपन्यांना पण लागू आहेत, फक्त बँकांना आणि आयटीवाल्यांना नाही. अंबडमधल्या किती जणांना हे माहिती असेल कोण जाणे, मलाही आकडा आठवत होता आणि मी स्वतः किती क्लायंटकडे १८० दिवस ठेवलेत ते इथे लिहीत नाही.

त्या रात्री आम्ही पोर्टल बंद केलं नाही, यावर नंतर एका मित्राने मला शिव्या घातल्या. पण सीझनमध्ये कंप्लेंटचं पोर्टल बंद म्हणजे कोणाच्या तरी स्टोअरला मदत उशिरा पोचणार, ते मला जास्त जोखमीचं वाटलं. आधी लॉग आणि डेटाबेसची कॉपी पेन ड्राइव्हवर, त्यांचे हॅश (फाइल नंतर बदलली नाही हे दाखवणारे आकडे) कागदावर लिहून ताईंची आणि शेठची सही घेतली. मग कोडमध्ये एक ओळ, की रिकामी असेल तर सरळ ४०३. मग सगळ्याच टिकिटांना नवीन रँडम की, जुन्या की वाल्यांनाही, कारण कोड वाचताना दिसलं की ज्यांना की होती ती नुसती टिकिट नंबर आणि तारखेचा एमडी५ होती, म्हणजे कोणीही काढू शकेल असा ठरलेला हिशोब. म्हणजे जिथे कुलूप होतं तिथेही चावी पायपुसण्याखाली. भामट्याला तेवढे कष्ट घ्यावे लागले नाहीत इतकंच. शेवटी डेटाबेसमध्ये तो कॉलम रिकामा राहूच शकणार नाही असा केला, म्हणजे पुढे कोणी परत विसरला तर टिकिट बनतानाच बोंब होईल. रात्रीचे पावणेबारा. गरवारे पॉइंटला जे काय उघडं होतं तिथे भुर्जीपाव खाल्ला.

शनिवारी सकाळी मी शेठना म्हटलं की एक भोक बुजलं, पण बाकी भिंत बघायची असेल तर मला मेलवर लेखी परवानगी द्या. त्यांना हसू आलं, आपल्यात कसलं लेखी. पण दुसऱ्याच्या सिस्टीममध्ये परवानगीशिवाय हात घालणं म्हणजे आयटी ॲक्टचं कलम ४३ आणि ६६, आणि पोर्टल बनवणारा मुलगा उद्या काही म्हणाला तर माझ्याकडे कागद हवा. मेल आला, दोन ओळींचा, पुरेसा होता. सगळी तोडफोड मी माझ्या लॅपटॉपवर कॉपी घेऊन केली, चालू पोर्टलवर फक्त एक निरुपद्रवी टेस्ट.

ती टेस्ट अशी. सपोर्टला एक मेल टाकला, सब्जेक्टमध्ये साधा स्क्रिप्ट टॅग, म्हणजे ब्राउझर चालवेल असा कोडचा तुकडा, की पान उघडलं की "नमस्कार ताई" असा बॉक्स यावा. पाच मिनिटांनी ताईंच्या स्क्रीनवर बॉक्स आला. ताई हसल्या, मला मात्र घाम फुटला. कारण याचा अर्थ असा की जगातला कोणीही माणूस नुसता एक मेल टाकून ताईंच्या ब्राउझरमध्ये आपला कोड चालवू शकतो, आणि ताई ॲडमिन म्हणून लॉगिन असतात, आणि सेशन कुकीला एचटीटीपीओन्ली लावलेलं नाही, म्हणजे तो कोड ताईंचं चालू लॉगिनही चोरून नेऊ शकतो. याला क्रॉस साइट स्क्रिप्टिंग, थोडक्यात एक्सएसएस, म्हणतात, आणि टिकिट सॉफ्टवेअरमध्ये हे जितकं वाईट तितकं बाकी कुठे नाही असं माझं मत आहे. बघा ना, बाकीच्या साइटवर हल्लेखोराला कोणीतरी त्याचं पान उघडेल याची वाट बघावी लागते. इथे परक्याने लिहिलेलं उघडून वाचणं हेच समोरच्या माणसाचं काम आहे, त्याचा पगारच त्याचा आहे, आणि वाचणाऱ्याकडे सगळ्यात जास्त अधिकार.

अपाचे फाउंडेशनचं २०१० चं प्रकरण मी क्लायंटला नेहमी सांगतो. तेच अपाचे, ज्यांचा वेब सर्व्हर तेव्हा अर्धं जग वापरत होतं. एप्रिल २०१० मध्ये त्यांच्या जिरावर, म्हणजे त्यांच्या टिकिट ट्रॅकरवर, कोणीतरी साधं टिकिट टाकलं, की मला काही प्रोजेक्ट बघताना ही एरर येतेय, सोबत एक टायनीयूआरएल, म्हणजे खरा पत्ता न दिसणारी छोटी लिंक. ॲडमिननी लिंक उघडली, त्या लिंकने जिरातलाच एक्सएसएस वापरून त्यांचं सेशन पळवलं. दुसरीकडे लॉगिन पानावर पासवर्डचा मारा चालूच होता. ॲडमिन हक्क मिळाल्यावर हल्लेखोरांनी अटॅचमेंट ठेवायचा फोल्डर बदलून असा केला जिथे फाइल नुसती पडून न राहता चालवली जाते, आणि तिथून आत. पुढचं तर भन्नाट, त्यांनी टीमला पासवर्ड रिसेटचे मेल पाठवले, टीमला वाटलं काहीतरी बग असेल, लोकांनी लॉगिन करून पासवर्ड परत आपला जुनाच ठेवला, आणि तो टाइप करताना पकडला गेला. त्यातला एक पासवर्ड जिरा ज्या सर्व्हरवर होतं त्यावरच्या खात्यालाही चालत होता, आणि त्या खात्याला सुडोचे, म्हणजे सर्व्हरवर काहीही करायचे, पूर्ण हक्क होते. तज्ज्ञ लोकांचं हे झालं, एका टिकिटवरून. अपाचेवाल्यांनी नंतर सगळं स्वतःहून सविस्तर लिहून जाहीर केलं, त्याचं मला फार कौतुक वाटतं.

अटॅचमेंटचा आमचाही प्रकार बघितला. अपलोडचा फोल्डर वेबसाइटच्या पोटातच, लिस्टिंग चालू, म्हणजे पत्ता टाकला की सगळ्या फाइलींची यादीच समोर. फाइलचा प्रकार तपासलेला नाही, पीएचपीची फाइल पण चढते. लॅपटॉपवरच्या कॉपीत चढवून बघितली, चालली. सर्व्हरवर पीएचपी ५.६, ज्याचा सिक्युरिटी सपोर्ट डिसेंबर २०१८ ला संपला. यावर जास्त लिहीत नाही, जे करायचं ते उघड आहे: फोल्डर बाहेर काढायचा, नावं बदलून ठेवायची, फाइल कोडमधून तपासून द्यायची, पीएचपी वर न्यायचं.

पण फाइलींमध्ये काय होतं ते सांगायलाच हवं. पॅनेलचे फोटो, त्यात कंट्रोलरवर चिकटवलेला स्टिकर, स्टिकरवर युजर-पासवर्ड. टिकिटांच्या मजकुरात "पासवर्ड" आणि "एनीडेस्क" (दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून चालवायचं सॉफ्टवेअर) शोधलं तर ६१ टिकिटं. "सर एनीडेस्क लावून ठेवलंय, आयडी हा, पासवर्ड हा, कधीही घ्या." दिंडोरीवाले काका रागाच्या भरात बोलले होते ते अगदी शब्दशः खरं होतं. त्यातली बरीचशी टिकिटं मेलवाली, म्हणजे रिकाम्या की ने उघडणारी. भामट्याला हे वापरायचं सुचलं नाही, किंवा त्याला २,३६० मध्येच समाधान होतं, माझं तरी नशीबच म्हणायचं.

यातही मोठ्यांची उदाहरणं आहेत. ऑक्टा, जी कंपनी दुसऱ्यांना लॉगिनची सुरक्षा विकते, तिच्या सपोर्ट केसच्या सिस्टीममध्ये २०२३ मध्ये कोणीतरी शिरलं, २८ सप्टेंबर ते १७ ऑक्टोबर. कस्टमर अडचण दाखवायला ब्राउझरचं रेकॉर्डिंग, एचएआर फाइल, जोडत होते, आणि त्या फाइलीत चालू सेशनचे टोकन, म्हणजे पासवर्ड न विचारता आत सोडणारे पास, असतात. १३४ कस्टमरच्या फाइली बघितल्या गेल्या, त्यातले काही टोकन वापरून पुढे हल्ले झाले. मुख्य दरवाजा भक्कम होता हो, तक्रार वहीला चिकटवलेल्या चिठ्ठ्यांमधून गेले. आणि शिरले कसे, तर सपोर्ट सिस्टीमच्या एका सर्व्हिस खात्याचा पासवर्ड कर्मचाऱ्याच्या पर्सनल गुगल खात्यात सेव्ह झालेला. आमच्या ताईंच्या क्रोममध्येही कोणाचं खातं लॉगिन होतं माहितीये? त्यांच्या मुलाचं, दहावीच्या ऑनलाइन क्लाससाठी केलेलं.

शेवटचं भोक मेलच्या स्क्रिप्टमध्येच. सब्जेक्टमध्ये टिकिट नंबर असला की ती तो मेल त्या टिकिटला जोडणार आणि आतापर्यंतचा सगळा पत्रव्यवहार उत्तरात पाठवणार. पाठवणारा तोच कस्टमर आहे का, हे बघतच नाही. मी माझ्या जीमेलवरून दुसऱ्याच्या टिकिटचा नंबर टाकून मेल केला असता तर पूर्ण हिस्टरी घरपोच. झेनडेस्क या टिकिट सॉफ्टवेअरमध्ये २०२४ ला एका १५ वर्षांच्या मुलाने याच जातीचं काहीतरी काढलं होतं, मूळ कस्टमरच्या नावाने खोटा मेल पाठवायचा, सीसीमध्ये स्वतःला टाकायचं, टिकिट नंबर ओळीनेच असल्यामुळे अंदाज सोपा, की टिकिटचा सगळा इतिहास आपल्याला दिसायला लागतो. सुरुवातीला त्याला सांगण्यात आलं की मेल स्पूफिंग आमच्या बक्षीस योजनेत बसत नाही. त्याने मग ज्या कंपन्या ते वापरत होत्या त्यांना कळवलं आणि तिथून त्याला ५०,००० डॉलरच्या वर मिळाले. आमच्याकडे तर त्या पोराएवढी पण अक्कल लावायची गरज नव्हती, खोटा मेल सुद्धा लागत नव्हता. दुरुस्ती अशी केली की मेलचा एसपीएफ-डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनवरून आलाय का याची तपासणी) पास असेल आणि पत्ता टिकिटवरचाच असेल तरच जोडायचं, आणि उत्तरात फक्त "मिळालं" एवढंच, जुना मजकूर काही नाही.

पुण्याच्या त्या मुलाला शनिवारी दुपारी फोन केला. मला वाटलं तो चिडेल. तो म्हणाला, "दादा, मेलची स्क्रिप्ट मी एका रविवारी बसून केली होती, शेठला म्हटलं टेस्टिंगला दोन दिवसांचे पैसे द्या, ते म्हणाले चालतंय ना, मग झालं." शेठ शेजारीच बसले होते, फोन स्पीकरवर. कोणी काही बोललं नाही. मुलगा संध्याकाळी स्वतःहून ऑनलाइन आला आणि आम्ही दोघांनी मिळून बाकीचं निस्तरलं, पैसे घेतले नाहीत त्याने, मी म्हटलं घे, तरी नाही.

मग खरा वाद झाला तो कस्टमरला सांगायचं की नाही यावर. शेठचं म्हणणं, भोक बुजलं, आता कशाला अब्रू घालवायची, सीझन चालू आहे. माझं म्हणणं, ६१ टिकिटांतले पासवर्ड बाहेर गेलेले असू शकतात, ते बदलायचे तर कस्टमरला सांगावंच लागणार, आणि डीपीडीपी ॲक्ट २०२३ या वैयक्तिक माहितीच्या कायद्यामध्ये तर लिहिलेलंच आहे की माहिती फुटली की ज्याची आहे त्याला कळवा. कायद्याने शेठ हलले नाहीत. ताई हलवून गेल्या. त्या म्हणाल्या, "शेठ, उद्या कोणाच्या स्टोअरचं टेम्परेचर कोणी बाहेरून वाढवलं, तर फोन मलाच येणार आहे." मेसेज ताईंनीच लिहिला, मराठीत, चार ओळी: तुमच्या कंप्लेंटची माहिती बाहेरच्या माणसाला दिसत होती, चूक आमची, आता बंद केलीये, कंट्रोलर आणि एनीडेस्कचे पासवर्ड आजच बदला, आम्ही फोनवर कधीही ॲडव्हान्स मागत नाही. मी त्यात एक शब्द बदलला नाही. सर्ट-इनला मेल गेला, ६ तास केव्हाच उलटले होते, तरी पाठवला. ज्या चौघांचे पैसे गेले त्यांना १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार करायला लावली. भामटा कोण ते कळलं नाही. लिंक त्याच्यापर्यंत कशी गेली याचा एक धागा मिळाला, एका कस्टमरने ऑटो रिप्लायचा स्क्रीनशॉट आणि लिंक व्यापाऱ्यांच्या मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती, "यांची सर्व्हिस बघा किती फास्ट आहे" म्हणून.

ती स्क्रिप्ट पुढे अकरा दिवस दार वाजवत राहिली. ४०३, ४०३, ४०३, दर दहा मिनिटांनी. आयपी ब्लॉक करता आला असता, पण मी मुद्दाम ठेवला, कधी थांबतोय बघू म्हणून, आणि खरं सांगायचं तर रोज सकाळी चहासोबत त्या ओळी बघायला बरं वाटायचं. बाराव्या दिवशी थांबलं. आयपी तेव्हा ब्लॉक केला, उशिरा सुचलेलं शहाणपण.

मे महिन्यात सीझन संपल्यावर पोर्टल नवीन सर्व्हरवर गेलं, अपलोड बाहेर गेले, ताईंना ॲडमिनऐवजी साधं खातं दिलं आणि ॲडमिनला टू फॅक्टर लावलं. पासवर्डसारखं काही मजकुरात आलं की पोर्टल आता लाल पट्टी दाखवतं, तरी लोक टाकतातच, "पास्वर्ड" असं चुकीचं लिहिलं की पट्टी येत नाही हा शोध कस्टमरनीच लावला. वही चालूच आहे. शेठ आता त्यावरून काही बोलत नाहीत, उलट नवीन रजिस्टर त्यांनीच आणून दिलं, जाड पुठ्ठ्याचं.

चौघांचे २,३६० पुढच्या बिलात वजा झाले. सिन्नरच्या पोराचा अडकवलेला फुल अँड फायनल त्याच सोमवारी त्याच्या खात्यात पडला. मामाला परत फोन शेठने केला की नाही ते मी विचारलं नाही, पण ताईंनी त्या पोराला केला होता, एवढं मला माहितीये.